लाभाचं बोट

१

मी शकी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी तोंडावर म्हणण्यापेक्षा बरं. वाळूजला एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्नियर आणि गेज. माल बरोबर आहे असं दहा जणांनी शपथेवर सांगितलं तरी मोजल्याशिवाय माझी सही होत नाही. घरीही तेच. दुधाचं माप बघतो, गॅसची टाकी काट्यावर ठेवून घेतो. बायको, शीला, म्हणते, "अहो, बघायला आलात तेव्हा माझीबी उंची मोजली असंल तुम्ही." मोजली नव्हती, अंदाज घेतला होता.

आम्ही पडेगावला घर घेतलं ते हवेशीर म्हणून. चारी बाजूंनी मोकळे प्लॉट. दोन वर्षांत तिथं बांधकामं सुरू झाली, रस्ता उकरला, खडीचे हायवा ट्रक दिवसभर दौलताबाद रोडनं धुरळा उडवत जाऊ लागले, आणि आमच्या एकुलत्या एक पोरीला, विशाखाला, दमा लागला. वय वर्षं सहा. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत दोनदा ॲडमिट. दुसऱ्या खेपेला छावणीच्या सिग्नलवर तिचे ओठ निळे पडले होते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "घरातली निदान एक खोली स्वच्छ ठेवा. तिसऱ्या वेळी एवढा वेळ मिळेलच असं नाही."

तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. लोक जाहिरात बघून एअर प्युरिफायर आणतात. येडे आहेत. मशीन हवेप्रमाणं घ्यायचं असतं. मी एक मीटर मागवलं, तळहाताएवढं, फोनला जोडलेलं. पंधरा दिवस आमची हवा मोजली. दिवसा जाड धूळ, रस्त्याची आणि खडीची. सकाळ-संध्याकाळी बारीक धूर, कारण मागच्या मोकळ्या प्लॉटवर कचरा जाळतात. म्हणजे आम्हाला हवं ते असं: पुढं धुता येणारी जाळी, जाड मातीसाठी. तिच्यामागं बारीक कणांचा हेपा फिल्टर. त्याच्यामागं धुराच्या वासासाठी कोळशाचा थर. एवढं पक्कं करून मगच आईला घेऊन दुकानात गेलो.

२

दुकान कॅनॉटला. मालक सुदर्शन म्हणून, गोड बोलणारा. गोड बोलणाऱ्यावर माझा मुळात विश्वास नाही, म्हणून मी मशीनच्या पाठीमागचा बारीक मजकूर वाचत बसलो. तो एक फॉर्म भरत होता. खोलीची लांबी, रुंदी, उंची मी बसल्या जागेवरून सांगितली. मग त्यानं आईला विचारलं, "आजी, त्या खोलीत झोपतात किती जण?"

आता आमच्या आईचं मोजणं सांगायला पाहिजे. आई, बानाबाई, मेंढरांमागं वाढलेली. तिच्या माहेरी मेंढरं मोजताना पहिलं बोट लाभाचं. ते बोट दुमडायचं, "लाभ" म्हणायचं, पण त्याच्यावर मेंढरू धरायचं नाही. ते बोट कुणाचंच नसतं. मग पुढच्या बोटापासून एक, दोन, तीन. कळपाला नजर लागू नये म्हणून असंल. माणसं मोजतानाही ती हेच करते.

तिनं करंगळी दुमडली. "लाभ." मग एकेक बोट. "आदिनाथ. शीला. पोरगी."

सुदर्शननं चार बोटं दुमडलेली बघितली आणि लिहिलं, चार.

फॉर्म सहीला माझ्यापुढं आला तेव्हा मला तो चार दिसला. खोटं कशाला बोलू, दिसला. दुसऱ्या कुणाचा कागद असता तर मी आकाशपाताळ एक केलं असतं. पण चार माणसांसाठी एक नंबर मोठं मशीन बसत होतं, आणि मोठं मशीन म्हणजे पोरीला जास्त साफ हवा. म्हटलं, चार तर चार. सही केली.

घरी येताना आईनं विचारलं, "काय लिवून दिलंस?"

"चार."

"चौथं कोण?"

"तुझा लाभ," मी हसून म्हणालो.

ती हसली नाही. लोखंडी पूल ओलांडला, छावणी गेली, तरी ती खिडकीबाहेरच बघत होती.

३

खोलीच्या खिडक्यांना मी आठवडाभर आधीच रबराच्या पट्ट्या लावल्या होत्या. दाराखाली ब्रश. मशीन आलं, कोपऱ्यात बसवलं, आणि धुळीचा आकडा एकशेचाळीसवरून अकरावर आला. अकरा! पहिल्या दिवशी विशाखा रात्रभर खोकली नाही. शीला मात्र पहाटेपर्यंत जागी, पोरगी खोकत का नाही म्हणून. सकाळी चहा गाळता गाळता ती रडली. मीही जरा तोंड फिरवून घेतलं.

पण त्या मीटरवर आणखी एक आकडा असतो. आपण श्वास सोडतो, त्यातला वायू बंद खोलीत साठत जातो, तो आकडा. मोकळ्या हवेत चारशेवीस-तीस. खोलीला पट्ट्या लावल्यावर, मशीन यायच्या आधी, मी सलग पाच दिवस सकाळी तो लिहून ठेवला होता. आम्ही तिघं झोपून उठलो की पंधराशे. कधी चौदाशेनव्वद, कधी पंधराशेदहा. फार हललाच नाही.

मशीन आल्यावर पहिल्या सकाळी तो होता सतराशेऐंशी.

दुसऱ्या दिवशी सतराशेनव्वद. मशीन धूळ गाळतं, श्वास घेत नाही. म्हणजे हा आकडा वाढायचं कारणच नव्हतं. मीटरवर शक आला म्हणून गच्चीवर नेलं. चारशेचोवीस. मीटर बरोबर. मशीनवर शक आला म्हणून एक दिवस ते हॉलमध्ये आणून रिकाम्या घरात चालवलं. आकडा जागचा हलला नाही. मशीनही बरोबर.

मग राहिली माणसं. आणि माणसांवर शक घ्यायला मला कुणी शिकवायला नको.

४

मीटर दिवसाचीही नोंद ठेवतं. मी फोनवर काढून बघितली. दिवसा ती खोली बंद असते. विशाखा शाळेत, शीला कॉलेजच्या लायब्ररीत, मी कंपनीत, आणि आई हॉलमध्ये. आम्ही उठून गेल्यावर शीला दहा मिनिटं एकच खिडकी उघडते, मग लावते. आकडा चारशेतीसला येतो. तिथून तो सरळ राहायला पाहिजे. तो चढत होता. रोज.

"आई," मी विचारलं, "दुपारी त्या खोलीत कोण झोपतं?"

"कोण झोपणार?"

"शेजारच्या कुणाचं लेकरू बिकरू? आपली हवा साफ आहे म्हणून?"

"येडा झालास का रं? म्या त्या डब्यात पाय ठिवत नाय. जीव घुसमटतो माझा."

तिच्यावरही विश्वास ठेवला नाही मी. सख्ख्या आईवर. गुरुवारी सुट्टी टाकली, आईला हर्सूलला मावशीकडं सोडून आलो. घरात मी एकटा. खोलीचे कोपरे, पलंगाखाली, कपाट, सगळं बघितलं. खिडक्या उघडून हवा खेळवली, मग लावून घेतल्या. दाराला कुलूप घातलं, किल्ली खिशात, आणि दारासमोर खुर्ची टाकून फोन हातात घेऊन बसलो. अकरा वाजले होते. बाहेर लख्ख ऊन, कुठंतरी टाइल कापायचं मशीन चाललेलं.

चारशेतीस. चारशेचाळीस. साडेअकराला पाचशे पंचवीस.

मी एकटा त्या खोलीत बसलो की तासाला किती चढतो, हे मी आधी मोजलं होतं. साडेतीनशे. विशाखा एकटी चित्रं काढत बसली की किती, तेही मोजलं होतं. दोनशे. हसा खुशाल, मी असाच आहे. आत्ता रिकाम्या, कुलूपबंद खोलीत तो दोनशेच्या चालीनं चढत होता. एक-दीड वाजता सहाशेनव्वदला टेकला आणि थांबला. पोरगी एकटी असली की तो तिथंच थांबायचा.

मी उठून दाराला कान लावला. मशीनची घरघर होती. तिच्या आत आणखी एक आवाज होता. बारीक, शिट्टीसारखा. आत, बाहेर. आत, बाहेर. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. दोनदा त्याच आवाजाला कवटाळून मी दवाखान्याच्या पायऱ्या चढलो होतो.

खिशातली किल्ली काढून कुलूप उघडलं. दार ढकललं तसा आवाज थांबला. खोलीत कुणी नव्हतं. मशीनचा दिवा हिरवा. पांघरुणाच्या घड्या जशाच्या तशा. फक्त पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला, विशाखाच्या उशीत, एक खळगा पडला होता. मी हात ठेवला. उशी कोमट होती. त्या खिडकीतून ऊन आत येत नाही, तिचं तोंड उत्तरेला आहे.

विशाखाच्या शाळेत फोन लावला. बाई म्हणाल्या, "आहे की, समोर डबा खातेय."

संध्याकाळी आईला आणायला गेलो. गाडीत सगळं सांगितलं. ती पदराचा काठ चिमटीत धरून बसली.

"लाभाची जागा मोकळी ठिवायची असती, आदिनाथा," ती म्हणाली. "तू ती लिवून दिलीस. वर सही केलीस."

"मग कोण आलं त्या जागेवर?"

"मला काय ठाव? जागा हाय म्हणल्यावर कुणीबी बसतंय."

मी चिडलो. म्हटलं, हे असले विचार मेंढरांपाशी ठेव, घरात आणू नकोस. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला. बोलली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

५

चिडलो खरा, पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सुदर्शनला फोन केला.

"फॉर्मवर चार लिहिलंय. तीन करा."

"साहेब, मशीन बसलं, चाललं. आता तो फॉर्म कोण बघतंय?"

"मी बघतोय. चुकीचा आकडा आहे. तीन करा आणि फोटो पाठवा."

त्यानं मनातल्या मनात मला शिव्या घातल्या असतील. पण चार खोडून शेजारी तीन लिहिलं, आणि फोटो पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटरवर आकडा होता पंधराशे.

मी तीनदा बघितलं. पंधराशे! तसाच पळत स्वयंपाकघरात गेलो. शीलाला यातलं मी काही सांगितलं नव्हतं, उगाच घाबरेल म्हणून. तिला वाटलं माझा पगार वाढला. मी तिला म्हणालो, "जिलेबी आणतो आज." विशाखा पाटावर बसून दूध पीत होती. गालावर लाली, डोळे तरतरीत. त्या आठवड्यात दम्याच्या पंपाची एकदाही गरज पडली नाही. डॉक्टरांकडं दाखवायला नेलं, तर त्यांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, पुन्हा छातीला लावली. म्हणाले, "काहीच ऐकू येत नाही. एकदम साफ." मला तेव्हा ते वाक्य केवढं गोड वाटलं.

आईला मी मुद्दाम जाऊन सांगितलं. "बघ, तीन करून घेतलं. मिटलं."

आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"चारातून कोण काढलंस?"

"म्हणजे?"

"तीन लिवलंस, व्हय, बरुबर. पर चौघांतलं कोण काढायचं, ते सांगितलंस का त्याला?"

मी तिथून उठून गेलो.

६

डिसेंबरात पडेगावला सकाळी थंडी मरणाची असते. व्हॅनच्या कोपऱ्यावर पोरं उभी असतात, टोप्या घातलेली, आणि तोंडातून वाफा सोडत बिडी ओढल्याचं सोंग करतात. एकानं सोडली की दुसरा त्याच्याहून मोठी सोडतो. एरवी मी गाडीतूनच सोडून जातो, त्या दिवशी खाली उतरून उभा होतो.

विशाखानंही दोन बोटं ओठांना लावली. गाल फुगवले. ओठांचा चंबू केला आणि जोरात फुंकलं.

काहीच आलं नाही.

शेजारच्या पोरीच्या तोंडातून ढग निघत होता. माझ्या तोंडातून निघत होता. विशाखानं पुन्हा फुंकलं, मान पुढं काढून. तिच्या तोंडापुढची हवा कोरी. तिला त्याचं काही वाटलं नाही. ती इतरांचं बघून हसली आणि व्हॅनमध्ये चढली.

मी कंपनीत गेलो नाही. गाडी कडेला लावून फोन काढला. मागच्या काही दिवसांत सकाळचा पंधराशे बघून मी खूश होत होतो, दिवसाची नोंद उघडलीच नव्हती. आता उघडली. आमची खोली, सगळे बाहेर पडल्यावर: चारशेतीस, पाचशे, सहाशे, सहाशेनव्वद. काल तसंच, परवा तसंच. ते कुठंच गेलं नव्हतं.

मग रात्री पंधराशे कसा? मी, शीला, विशाखा, आणि ते. चौघांचा आकडा सतराशेऐंशी. येत होता तिघांचाच.

म्हणजे एक जण त्या खोलीत झोपत होतं आणि मोजलं जात नव्हतं. मी पुन्हापुन्हा बेरीज केली, वजाबाकी केली. माझी चूक निघावी म्हणून आयुष्यात पहिल्यांदा देवाला हात जोडले.

७

खातरजमा केल्याशिवाय मी काही मानत नाही. रविवारी सकाळी शीला घर आवरत होती, आई हर्सूलला होती. मी विशाखाला म्हणालो, "चल, गाडी धुवू." ती उड्या मारत आली. तिला पुढच्या सीटवर बसवलं, मीटर तिच्या मांडीवर दिलं, गाडीची दारं थोडा वेळ उघडी ठेवून हवा जाऊ दिली. चारशेपस्तीस. मग सगळी दारं लावली, काचा वर केल्या, आणि मी बाहेर उभा राहिलो. एवढ्याशा गाडीत लेकराचा श्वास मिनिटाला चाळीस-पन्नासनं आकडा चढवतो. दोनच मिनिटं. एवढ्यानं काही होत नाही, मीही काचेला नाक लावून उभा होतो.

पहिलं मिनिट. चारशेपस्तीस.

दुसरं मिनिट. चारशेपस्तीस.

ती आतून मला जीभ दाखवत होती. काचेवर तोंड दाबून नाक चपटं करत होती. माझ्या बाजूनं काच धुरकट झाली होती. तिच्या बाजूनं नाही.

मी दार उघडलं. कसंबसं विचारलं, "विशू, बरं वाटतंय ना गं? दम नाही ना लागला?"

"नाही पप्पा," ती म्हणाली, खुशीत. "मला आता दम लागतच नाही."

तेवढ्यात वर खाडकन आवाज झाला. शीलानं आमच्या खोलीच्या दोन्ही खिडक्या सताड उघडल्या होत्या. पडदा बाहेर फडफडत होता. ती वाकून ओरडली, "अहो, मशीनची जाळी काढलीय धुवायला! किती कोंदट ठेवलीय खोली! जरा वारं खेळू द्या दिवसभर!"

विशाखानं वर बघितलं. तिचं हसू तसंच होतं, फक्त तोंड उघडं राहिलं. मग तिनं माझी बाही धरली. तोंड उघडत होतं, मिटत होतं, पण आत काही जात नव्हतं आणि बाहेर काही येत नव्हतं. खोकला नाही, शिट्टी नाही. ओठ निळे पडायला लागले.

तिला खांद्यावर टाकून, मीटर मुठीत धरून मी जिना चढलो. शीला किंचाळली, पंप आणायला धावली, तिच्या तोंडात पंप धरून दाबला. औषध आत ओढलंच गेलं नाही, ओठांवरून तसंच बाहेर पसरलं. "गाडी काढा!" शीला ओरडत होती. "अहो, बघताय काय, दवाखान्यात न्या तिला!"

दवाखाना वीस मिनिटांवर. रविवार असला तरी छावणी ओलांडायलाच पंधरा. मला डॉक्टरांचं बोलणं आठवत होतं आणि मला रस्ता समोर दिसत होता. पण तिचा श्वास या खोलीत होता, दवाखान्यात नव्हता. मी पोरीला पलंगावर, तिच्या उशीवर ठेवलं, आणि खिडक्या ओढून घेतल्या. एक, दुसरी. पट्ट्या दाबून बसवल्या. मीटर समोर धरलं. चारशेअडतीस.

"काय करताय तुम्ही? आदिनाथ! मरंल ती!" लग्नाला नऊ वर्षं झाली, तिनं मला नावानं कधी हाक मारली नव्हती.

चारशेपंचेचाळीस. आकडा हलला. माझ्या अंगात जीव आला, आणि लगेच कळलं की याला काही अर्थ नाही. खोलीत शीला रडत होती, मी धापा टाकत होतो. आम्हा दोघांचा श्वासच तो चढवत होता. तिचा आहे की नाही, हे असं कळणारच नव्हतं.

मी शीलाला दंडाला धरून खोलीबाहेर काढलं. ती माझ्या छातीवर मारत होती. दार लावलं, आतून कडी घातली. ती दारावर डोकं आपटायला लागली. मी विशाखाच्या उशाशी गुडघ्यावर बसलो, मीटर तिच्या ओठांजवळ धरलं, आणि स्वतःचा श्वास रोखला.